नुसतं ‘हाय’ म्हणायला काय जातं?

ऑफिसच्या चॅटवर माझ्या नावाखाली तीन वर्षं एक ओळ होती : ‘नुसतं हाय लिहून थांबू नका. काम काय आहे ते लिहा.’

अशी ओळ लावणारा मी एकटा नाही. सॉफ्टवेअरवाल्यांमध्ये हा एक पंथच आहे. त्यामागचा हिशोब साधा आहे. समोरचा ‘हाय’ लिहितो. माझं लक्ष कोडवरून उडतं. मी ‘हाय, बोल’ लिहितो. मग तो टाइप करत असताना हलणारे तीन ठिपके बघत मी बसून राहतो. एका मेसेजात उरकणारं काम चार मेसेजांवर जातं. ‘हाय’मध्ये माहिती शून्य, मग ते पाठवायचंच कशाला?

हाच सवाल १९५९ सालच्या एका जपानी सिनेमात एक शाळकरी पोरगा आपल्या बापाला तोंडावर विचारतो. यासुजिरो ओझूचा ‘ओहायो’. इंग्रजीत तो ‘गुड मॉर्निंग’ या नावाने ओळखला जातो. तो मी काही सिनेमाच्या प्रेमापोटी पाहिला नाही. एका जपानी माणसासमोर मी माती खाल्ली होती, त्यानंतर पाहिला.

त्याचं असं झालं. पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ आहेत आणि त्यातले बरेच माझ्यासारखे आहेत : अर्धे अ‍ॅनिमेमुळे आलेले, अर्धे जपानी क्लायंटमुळे. माझ्या बाबतीत दोन्ही. क्लासमध्ये ‘कोन्निचिवा’ शिकवलं होतं. पण फोनवर रोज एक तरी व्हिडिओ यायचा, की ‘कोन्निचिवा’ म्हणणं बंद करा, खरे जपानी लोक हे शब्द वापरतात. मग यादी : ओस्स, यो, याह्हो, चिवास्स. मी यादी पाठ केली. आणि एका सकाळच्या व्हिडिओ कॉलवर क्लायंटच्या टीमचे प्रमुख, वयाने माझ्या बाबांच्या जवळपासचे, स्क्रीनवर आले तेव्हा मी उत्साहाने म्हणालो, “ओस्स!”

दोन सेकंद शांतता. मग ते किंचित मान झुकवून म्हणाले, “ओत्सुकारेसामा देस.” आणि मीटिंग सुरू झाली. रागावले नाहीत, हसले नाहीत. कॉल संपल्यावर आमच्याकडे जपानी दुभाष्याचं काम बघणाऱ्या ताईंनी मला बाजूला घेतलं. “अरे, तू आत्ता क्लायंटला ‘काय भावा’ म्हणालास.”

चूक अर्थाची नव्हती. ‘ओस्स’ म्हणजे नमस्कारच. व्हिडिओने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. फक्त हे सगळे शब्द जणू एकाच खणातले शर्ट आहेत, कुठलाही काढा आणि घाला, असं भासवलं होतं. अभिवादनाचे शब्द शब्दकोशातल्या अर्थावर चालतच नाहीत. ते कोण, कुणाला, कुठे आणि आधी कुणी म्हणायचं, यावर चालतात.

‘कोन्निचिवा’च घ्या. ते मुळात अर्धं वाक्य आहे. ‘कोन्निचि’ म्हणजे आजचा दिवस, आणि ‘वा’ हा विषय सुरू करणारा प्रत्यय. ‘आजचा दिवस तर…’ एवढं म्हणून माणूस थांबतो. पुढचं हवापाणी, तब्येत वगैरे कधीकाळी बोललं जायचं, ते गळून गेलं आणि दार उघडणारा तुकडा तेवढा उरला. दुसरी गंमत अशी की ‘ओहायो’ला एक आदराचं रूप आहे, ‘ओहायो गोझाइमास’. घरच्यांना आणि मित्रांना ‘ओहायो’, शिक्षकांना आणि साहेबांना ‘ओहायो गोझाइमास’. ‘कोन्निचिवा’ला असं लांब रूप नाही आणि छोटंही नाही. ते मधल्या अंतरावरचं अभिवादन आहे. शेजारी, दुकानदार, ओळखीचे, अनोळखी, यांच्यासाठी ठीक. सख्ख्या भावाला कुणी ‘कोन्निचिवा’ म्हणत नाही. रोज भेटणाऱ्या जवळच्या मित्राला म्हटलं तर तो म्हणेल, काय झालं, रागावलायस का?

म्हणजे दुपारी मित्र भेटला तर म्हणायचं काय, ही एक खरी रिकामी जागा त्या भाषेत आहे. ही जागा बोलभाषा भरते. ‘यो’ हे घट्ट मित्रांमधलं, बहुतेक मुलगे वापरतात. ‘याह्हो’ उत्साहाचं, मैत्रिणींमध्ये जास्त ऐकू येतं. डोंगरावर जाऊन मारायची हाकही हीच. ‘याआ’ कथा-कादंबऱ्यांतले आणि पडद्यावरचे नायक जितकं म्हणतात तितकं रस्त्यावर कुणी म्हणत नाही. खऱ्या विशीतल्या पोराने म्हटलं तर नाटकातून आल्यासारखं वाटतं. कॉलेजातली मुलं आणि एकत्र काम करणारे एकमेकांना ‘ओत्सुकारे’ म्हणतात. शब्दशः ‘दमलास’. ते निरोप घेतानाही चालतं, भेटतानाही चालतं, आणि दमला नसलात तरी चालतं. फार दिवसांनी भेट झाली तर ‘हिसाशिबुरी’, त्यामागून ‘गेन्की?’ हे ‘गेन्की’ इंग्रजीतल्या ‘हाऊ आर यू’सारखं रोज सकाळी विचारायचं नसतं. रोज भेटणाऱ्याला ‘बरा आहेस ना?’ विचारलं तर तो चेहरा चाचपून बघेल.

आणि माझं ‘ओस्स’. त्याची एक प्रचलित व्युत्पत्ती अशी, की ‘ओहायो गोझाइमास’ची दोन टोकं तेवढी राहिली आणि मधलं सगळं गिळलं गेलं. ते मुलग्यांमध्ये चालतं, खेळांच्या क्लबात चालतं, आणि कराटेच्या वर्गात तर आदराने म्हटलं जातं. एकच शब्द एका खोलीत खांद्यावरची थाप आहे, दुसऱ्या खोलीत गुरूसमोर झुकवलेली मान. ‘चिवास्स’मधला शेवटचा ‘स्स’ही असाच. तो ‘देस’ या आदरार्थी शेपटाचा आखूड अवतार आहे. ज्युनियर पोरगा सीनियरशी बोलताना पूर्ण औपचारिक होत नाही आणि पूर्ण सलगीही करत नाही, तेव्हा तो या ‘स्स’चा आधार घेतो. मोमोको नाकामुरा या भाषाभ्यासक बाईंनी या ‘स्स’वर २०२० साली आख्खं पुस्तक लिहिलंय. त्याकडे तरुणांची बिघडलेली भाषा म्हणून न बघता नवा आदरार्थ म्हणून बघावं, असा त्यांचा रोख आहे.

शिवाय बोलभाषेला एक्स्पायरी डेट असते. २००० साली लहान मुलांच्या सकाळच्या टीव्ही कार्यक्रमातून आणि शिंगो कातोरीच्या गाण्यातून ‘ओहायो’चं ‘ओहाऽ’ झालं आणि ते इतकं पसरलं, की त्या वर्षीच्या गाजलेल्या शब्दांच्या पुरस्कारात त्याचा पहिला नंबर आला. आज कुणी ‘ओहाऽ’ म्हणालं तर त्याचं वय कळतं.

हे सगळं ताईंनी मला दोन कप चहात सांगितलं आणि म्हणाल्या, “तू ओझूचा ‘ओहायो’ बघ. तुझ्यासारखाच एक हट्टी मुलगा आहे त्यात.”

सिनेमा टोकियोच्या एका उपनगरात घडतो. बांधाच्या पायथ्याशी एकाला एक लागून लाकडी घरं. शेजारीण दार सरकवते आणि थेट दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात. मिनोरू आणि इसामू या दोन भावांना टीव्ही हवाय. तेव्हाच्या जपानमध्ये टीव्ही हा मोठाच विषय होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये युवराजाचं लग्न झालं आणि ते बघायला लोकांनी धडाधड सेट घेतले. सिनेमा आला मे महिन्यात. मुलं हट्ट करतात, बाप दटावतो, की फार बडबड करता, गप्प बसा. त्यावर मिनोरू उसळतो. मोठी माणसंच फालतू बोलतात, असं तो म्हणतो आणि यादीच वाचतो. सुप्रभात, शुभसंध्या, आज हवा छान आहे, कुठे निघालात, जरा इथपर्यंत. याचा काही उपयोग आहे का? मग दोघं भाऊ मौन धरतात. १९३२च्या आपल्याच एका मूकपटातलं सूत्र ओझूने इथे नव्याने वापरलंय. तिथे दोन भाऊ बापावर रुसून जेवण सोडतात, इथे बोलणं सोडतात.

‘कुठे निघालात?’ला जपानीत ठरलेलं उत्तर आहे, ‘चोत्तो सोको मादे’. जरा तिथपर्यंत. ‘कुठे’चं उत्तर त्यात नाहीच आणि विचारणाऱ्यालाही ते नको असतं. हे ऐकून मला आमच्या वाड्यातल्या ओट्यावरचे आजोबा आठवले. त्यांच्या ‘काय, कुठे स्वारी?’ला ‘हे काय, इथंच’ एवढंच म्हणायचं असायचं. तसंच ‘इत्तेकिमास’. जपानी माणूस घराबाहेर पडताना जे म्हणतो त्याचा शब्दशः अर्थ ‘जाऊन येतो’. आपल्याकडेही ‘जातो म्हणू नये, येतो म्हणावं’ असं लहानपणीच बजावलेलं असतं.

मिनोरूच्या बाजूने मी पहिला अर्धा तास ठाम होतो. मग ओझूने माझी पंचाईत केली. मौन धरणाऱ्या या पोरांचं आपसात एक वेगळंच अभिवादन आहे. एकाने दुसऱ्याच्या कपाळावर बोट दाबायचं आणि दुसऱ्याने पादून दाखवायचं. शाळेत जाताना, बांधावर, रोज. चांगलं जमावं म्हणून ती पोरं प्युमिस दगडाची पूड खातात. त्यातल्या एकाला कधीच नीट जमत नाही, भलतंच होतं आणि बिचाऱ्याला चड्डी बदलायला घरी परतावं लागतं. हे बघून हसू येतं. पण नियम नीट बघा. कोण गटात, कोण अर्धवट गटात, कुणाची फजिती कधी, सगळं ठरलेलं. मोठ्यांच्या ‘ओहायो गोझाइमास’ला निरर्थक म्हणणाऱ्या पोरांनी त्याहून निरर्थक आणि त्याहून कडक अभिवादन स्वतःच घडवलंय. ते नीट येत नसेल तर तुम्ही बाहेर. मोठ्यांच्या जगात निदान तोंडाने ‘ओहायो’ म्हटलं तरी भागतं.

माझ्या यादीतल्या शब्दांचंही हेच. मला वाटायचं की बोलभाषेतलं अभिवादन म्हणजे नियमांतून सुटका. ‘कोन्निचिवा’ चुकीच्या जागी म्हणालात तर परका समजून सोडून देतात. ‘ओस्स’ चुकीच्या जागी म्हणालात तर तुम्ही न दिलेली जवळीक ओढून घेतलेली असते.

एका शेजाऱ्याच्या घरातला प्रसंग तर याची हद्द आहे. हा गृहस्थ गॅस कंपनीत नोकरीला. तो पादतो आणि आतून बायको लगबगीने येते, हाक मारलीत का म्हणून. तो म्हणतो नाही. पुन्हा तेच, पुन्हा ती हजर. ऐकणारा तयार असेल तर कुठलाही आवाज हाक होऊ शकतो, हे यापेक्षा कमी शब्दांत सांगता येणार नाही.

मौनाचे परिणाम मात्र गमतीचे राहत नाहीत. वस्तीतल्या महिला मंडळाच्या वर्गणीवरून आधीच कुजबुज झालेली असते. हारागुची बाईंनी नवं वॉशिंग मशीन घेतलं ते वर्गणीच्या पैशांतून, असा संशय. खरं तर पैसे त्यांच्या म्हाताऱ्या आईकडे दिलेले असतात आणि ती सांगायला विसरलेली असते. प्रकरण मिटतं. पण दुसऱ्या दिवशी या बाई मुलांना हसून ‘ओहायो’ म्हणतात आणि मुलं तोंड उघडत नाहीत. झालं. त्यांना वाटतं, मुलांच्या आईने मनात धरलंय. बातमी घराघरांत फिरते आणि बायका उसन्या घेतलेल्या वस्तू घाईघाईने परत करू लागतात. न बोललेलं एक ‘ओहायो’ आख्ख्या गल्लीला ऐकू गेलेलं असतं. ‘हाय’मध्ये माहिती शून्य, हे माझं गणित इथे चुकतं. म्हटलं तर माहिती शून्य असेल. न म्हटलं तर भरपूर.

या सिनेमाचं सार सांगताना बहुतेक जण एका पात्राचं म्हणणं पुढे करतात. मुलांना इंग्रजी शिकवणारा हेइइचिरो म्हणतो, की ही वायफळ वाटणारी बोलणीच जगाचं वंगण आहेत. वाक्य पटतं, पण त्यालाच सिनेमाचा निकाल मानणं मला मान्य नाही. एक तर, ज्या बायका सर्वांत नेमाने ‘ओहायो गोझाइमास’ म्हणतात त्याच सर्वांत आधी चहाडी करतात. वंगण चहाडीच्या चाकालाही लागतं. दुसरं, हेइइचिरो हे मुलांच्या पाठीमागे बोलतो. मिनोरूला त्याच्या प्रश्नाचं उत्तर तोंडावर कुणीच देत नाही. त्याला उत्तर मिळत नाही, टीव्ही मिळतो. मौन संपतं ते पटल्यामुळे नाही, दारात खोका आल्यामुळे. पहिल्यांदा पाहताना मला ही पळवाट वाटली होती. आजही थोडी वाटते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हेइइचिरोला या मुलांची मावशी सेत्सुको आवडते. तिलाही तो आवडतो. पण दोघं भेटले की हवेबद्दल बोलतात. त्याची बहीण त्याला टोमणा मारते, की वायफळ सगळं बोलतोस, महत्त्वाचं तेवढं एकदा बोल. शेवटी दोघं स्टेशनच्या फलाटावर उभे राहतात आणि हवा छान आहे, तो ढग बघा कसा आहे, एवढंच बोलतात. गाडीची वाट बघतात. उलट धाकटा इसामू, ज्याला इंग्रजीत जेमतेम चार शब्द येतात, तो येताजाता मोठ्यांना ‘आय लव्ह यू’ म्हणत सुटतो. त्याच्यासाठी ते ‘यो’सारखंच आहे, ‘बाय’सारखं आहे. ज्या माणसाचं पोट इंग्रजीच्या भाषांतरावर चालतं, त्याच्या तोंडून तेच तीन शब्द कुठल्याच भाषेत निघत नाहीत.

म्हणून ओझू अभिवादनाची वकिली करतोय असं मला वाटत नाही. तो दोन्ही बाजू दाखवतो. ‘हवा छान आहे’ हे दार उघडं असल्याची खूण आहे, आणि आत न शिरता उंबऱ्यावर ताटकळण्याची सोयही आहे. फलाटावरचं ते बोलणं गोड आहे आणि दुःखाचंही आहे. शीर्षकात तो ‘गोझाइमास’ लावत नाही, नुसतं ‘ओहायो’ म्हणतो, हे मला नंतर लक्षात आलं. इंग्रजी ‘गुड मॉर्निंग’मध्ये ते हरवतं. सबटायटल्समध्येही ‘यो’, ‘ओस्स’, ‘याआ’ सगळ्यांचं सरसकट ‘हाय’ होतं. माझ्यासारख्याची यादी तिथूनच तर तयार होते.

सिनेमा संपल्यावर मला हारागुची बाई नाही, आमच्या टीममधला एक मुलगा आठवला. कॉलेजातून थेट आलेला, घरून काम करणारा. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी त्याचा मेसेज यायचा, ‘हाय सर’. तिसऱ्या दिवशी मी त्याला माझ्या नावाखालची ती ओळ दाखवली. अगदी सभ्यपणे, स्मायली टाकून. त्यानंतर त्याचे मेसेज नमुनेदार झाले. काम, अडचण, स्क्रीनशॉट. मी खूश. पुढे एकदा एका साध्या गोष्टीवर तो तीन दिवस अडकून बसला आणि रिलीज लांबली. मी विचारलं, अरे विचारलं का नाहीस? तो म्हणाला, “सर, नेमकं काय विचारायचं तेच कळत नव्हतं. मग मेसेजमध्ये काय लिहिणार?”

काही महिन्यांनी त्याने नोकरी सोडली. त्याला चांगली संधी मिळाली होती, मी त्याचं खापर माझ्या ओळीवर फोडत नाही. पण त्याचं ते उत्तर डोक्यातून जात नाही. काय हवंय ते ज्याला नेमकं सांगता येतं, त्याला ‘हाय’ची गरज नसतीच. ‘आजचा दिवस तर…’ एवढंच म्हणून थांबायची सोय ज्याला पुढचं वाक्य अजून सापडलेलं नाही त्याच्यासाठी असते. मी ती सोय बंद केली होती आणि त्याला कार्यक्षमता म्हणत होतो.

ती ओळ मी काढून टाकली. जपानी टीमच्या चॅटमध्ये तर जवळजवळ प्रत्येक मेसेज ‘ओत्सुकारेसामा देस’नेच सुरू होतो, अगदी सर्व्हर पडलेला असतानाही. पूर्वी ती ओळ मी डोळ्यांनीच गाळायचो. आता वाचतो. त्या प्रमुखांशी आमचं काम वर्ष उलटून चालू आहे. मागच्या महिन्यात रात्री उशिरापर्यंत चाललेल्या एका डिप्लॉयमेंटनंतर कॉल बंद करताना ते म्हणाले, “ओत्सुकारे.” ‘सामा’ नाही, ‘देस’ नाही. ताई माझ्याकडे बघून हसल्या. हा एक नियम कुठल्याच व्हिडिओने मला सांगितला नव्हता : अंतर कमी करायचं असेल तर पहिलं पाऊल मोठ्याने टाकायचं असतं, आणि त्याने ते टाकलं म्हणून धाकट्याने लगेच उडी मारायची नसते. मी मान झुकवून पूर्ण म्हणालो, “ओत्सुकारेसामा देशिता.”

त्याच रात्री मी त्या मुलाला मेसेज केला. नुसतं ‘हाय’.

पाच मिनिटांनी उत्तर आलं : ‘हाय सर. बोला, काय काम होतं?’

मी लिहिलं, ‘काही काम नाही रे. असंच.’